घरात पाच माणसं, मग साडेतेवीस लाख गेले कुठे?

प्रश्न सत्तरी तालुक्यातल्या एका गावातून आला आहे. विचारणाऱ्या बाई शाळेत शिकवतात. त्या म्हणतात, "पेपरात वाचलं की 2021-22 मध्ये गोव्याचं दरडोई उत्पन्न पावणेपाच लाखांच्या जवळ होतं, देशात जवळजवळ सगळ्यात वर. आमच्या घरात पाच माणसं, म्हणजे वर्षाला साडेतेवीस लाख झाले. माझा पगार, नवऱ्याची काजूची बाग आणि सासऱ्यांचं पेन्शन धरलं तरी आम्ही त्याच्या निम्म्यावर पोचत नाही. गावातली बहुतेक घरं आमच्याहून खाली. मग हे पैसे आहेत कुणाकडे? की आकडाच खोटा?"

आकडा खोटा नाही. राज्याच्या सांख्यिकीच्या कामात माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली, आणि हा आकडा कसा बांधला जातो ते मी जवळून पाहिलं आहे. दोष असतील, पण कुणी टेबलावर बसून ठोकून दिलेला तो नाही. अडचण अशी की तुम्ही त्याला जो प्रश्न विचारताय, त्याचं उत्तर द्यायला तो जन्मालाच आलेला नाही. तो जागेचा हिशेब आहे, तुम्ही माणसांचा मागताय. मोठ्या देशात या दोन हिशेबांत फार तफावत पडत नाही, म्हणून चालून जातं. गोव्यासारख्या 3,702 चौरस किलोमीटरच्या राज्यात ती एवढी पडते की घरातल्या पाच माणसांनी गुणायला गेलं की डोकं गरगरतं.

आधी हा आकडा तयार कसा होतो ते बघू. तुमच्या गावात पाव घेऊन येणारा पदेर घ्या. त्याची उलाढाल विचारायला गेलं की पहिला प्रश्न तोच करतो, "तुमी टॅक्साचे काय?" वर्षाची विक्री कुणीच सांगत नाही. लपवायचं असतं असं नाही, कित्येकांनी ती कधी मांडलेलीच नसते. पण दिवसाला मैदा किती लागतो हे विचारलं की तो झोपेतही सांगेल. मग मैद्याच्या पोत्यांवरून पाव, पावांवरून विक्री, असं उलटं चढत जायचं. समजा महिन्याला दोन लाखांचे पाव गेले. मैदा, लाकूड, यीस्ट, वीज, पेट्रोल मिळून सव्वा लाख लागले. उरलेले पाऊण लाख म्हणजे त्या भट्टीत झालेलं मूल्यवर्धन. भट्टीवरच्या पोरांचा पगार, जागेचं भाडं, बँकेचं व्याज आणि पदेराचा नफा, सगळं त्यातूनच निघतं. राज्यातल्या सगळ्या भट्ट्या, हॉटेलं, कारखाने, बागा, होड्या, बँका, शाळा, कचेऱ्या यांचं मूल्यवर्धन एकत्र केलं, त्यावरचे कर मिळवले, अनुदानं वजा केली की सकल राज्य उत्पादन होतं. त्यातून यंत्रं-इमारतींचा घसारा, म्हणजे वापराने होणारी झीज, काढला की निव्वळ. त्याला लोकसंख्येने भागायचं, झालं दरडोई. 2021-22 साठी चालू किमतींना, म्हणजे महागाई वजा न करता, गोव्यात ते सुमारे 4 लाख 72 हजार निघालं. त्याच वर्षी देशाची सरासरी दीड लाखाच्या आसपास होती.

यात एक गोष्ट नीट धरा. पदेराची भट्टी गोव्यात आहे म्हणून ते पाऊण लाख गोव्याच्या खात्यात. भट्टीवरची पोरं पगार कारवारला धाडतात, धारवाडला धाडतात की इथेच खर्च करतात, हे कुणी विचारत नाही. भारतात राज्यांचा हिशेब 'उत्पादन कुठे झालं' या नियमाने चालतो. 'मिळकत कुणाच्या घरात गेली' हा हिशेब देशपातळीवर होतो, कारण देशाच्या सीमेवरून आत-बाहेर जाणाऱ्या पैशाची नोंद रिझर्व्ह बँकेकडे असते. पत्रादेवीच्या किंवा मोलेच्या नाक्यावरून कुणाचा पगार पलीकडे गेला, याची नोंद ठेवणार कोण? म्हणून तो हिशेब राज्यांसाठी केलाच जात नाही, आणि पेपरात उत्पादनाचाच आकडा उत्पन्न म्हणून छापून येतो.

पदेर झाला लहान. आता वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतला औषधांचा कारखाना घ्या. गोवा म्हटलं की बाहेरच्याला समुद्रकिनारा दिसतो, पण राज्याच्या उत्पादनात निम्म्याच्या आसपास वाटा उद्योगक्षेत्राचा असतो, म्हणजे कारखाने, बांधकाम, वीज वगैरेंचा. समजुतीसाठी मोकळे आकडे घेऊ. कारखान्याने शंभर कोटींचा माल विकला, कच्चा माल आणि इतर खर्च साठ कोटी. चाळीस कोटी मूल्यवर्धन गोव्याच्या खात्यात जमा. त्यातले दहा कोटी पगार, पाच घसारा, पाच व्याज, वीस नफा. नफा भागधारकांचा, ते मुंबईत असतील, अहमदाबादेत असतील, परदेशातही असतील. व्याज ज्या बँकेला गेलं तिचं मुख्यालय बाहेर. कंपनीचा आयकर दिल्लीला. जीएसटी जुलै 2017 पासून माल जिथे खपतो त्या राज्याला मिळतो, तेव्हा इथे झालेली गोळी बिहारात विकली गेली तर राज्याचा वाटा बिहारचा. गोव्यात उरले काय ते दहा कोटींचे पगार.

आणि तेही सगळे नाहीत. सकाळी सातच्या सुमाराला दोडामार्गच्या नाक्यावर उभ्या राहा. हेल्मेट घातलेली पोरं दुचाक्यांवरून एकामागून एक गोव्यात शिरताना दिसतील, पाठीला डब्याची पिशवी. बांदा, सावंतवाडी, सातार्डा इथून हॉटेलांत, कारखान्यांत, बांधकामावर आणि 2023 च्या जानेवारीपासून मोपाच्या विमानतळावर कामाला येणारी ही माणसं. त्यांनी दिवसभरात जे केलं ते गोव्याच्या उत्पादनात. संध्याकाळी ती परत सिंधुदुर्गात. भागाकार करताना त्यांची डोकी महाराष्ट्राच्या लोकसंख्येत. अंश आपल्याकडे, छेद त्यांच्याकडे. तुमच्या शाळेतल्या सहावीच्या मुलालाही कळेल की असं केल्यावर उत्तर फुगणारच.

हे गोव्याचंच वैशिष्ट्य नाही. लक्झेंबर्ग हा युरोपातला चिमुकला देश दरडोई उत्पादनात जगात अगदी वरच्या रांगेत असतो. तिथले जवळपास निम्मे नोकरदार रोज फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतून येतात नि संध्याकाळी घरी जातात. आयर्लंडची गोष्ट याहून गमतीची. 2015 साली त्या देशाचं उत्पादन एका वर्षात चौथ्या हिश्शाहूनही जास्त वाढल्याचं जाहीर झालं. लोकांचे पगार तेवढे वाढले नव्हते, रस्त्यावर काही फरक नव्हता. झालं होतं एवढंच की काही बहुराष्ट्रीय कंपन्यांनी करांच्या सोयीसाठी आपली पेटंटं आणि मालमत्ता कागदोपत्री आयर्लंडमध्ये आणून ठेवली होती. शेवटी तिथल्या सांख्यिकी कार्यालयाने 2017 मध्ये कंपन्यांची ही करामत वजा करून राष्ट्रीय उत्पन्नाचा वेगळा, सुधारलेला आकडा काढायला सुरुवात केली. आपल्याकडे असा सुधारलेला आकडा कुणी काढलेला नाही. काढायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. निदान पाच वर्षांतून एकदा, पाहणी करून, अंदाजाने का होईना.

आपल्या देशात अलीकडची काही वर्षं गोव्याच्याही वर सिक्कीम असतं. का? छोटी लोकसंख्या, करसवलतींमुळे गेलेले औषधांचे कारखाने आणि तिस्ता नदीवरची जलविद्युत. वीज तिथे तयार होते, खपते बाहेर. यादीतल्या पहिल्या दोन राज्यांची कुंडली इतकी जुळते, हा योगायोग नव्हे.

आता छेदाकडे. 2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या 14 लाख 58 हजार होती. 2021 ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे तेव्हापासून आपण अंदाजित लोकसंख्येने भागतो आहोत. महाराष्ट्रात लाखभर माणसं इकडची तिकडे झाली तर दरडोई आकड्याला ओरखडाही उठत नाही. गोव्यात अंदाजापेक्षा एक लाख माणसं जास्त निघाली, तर हाच आकडा पंचवीस हजारांहून जास्त खाली येतो. आणि ती निघण्याची शक्यता मला दाट वाटते. झुवारीनगर, चिंबल, म्हापशाच्या आसपासच्या खोल्या बघा. एका खोलीत सहा-सहा जण राहतात, बांधकामावरचे, हॉटेलांतले, मासेमारीच्या ट्रॉलरवरचे. 2027 ची जनगणना आली की कळेल. त्या वर्षी दरडोई आकडा अचानक घसरला तर घाबरू नका, कुणी गरीब झालेलं नसेल.

इथवर वाटणीचा भाग झाला. पण माझ्या मते गोव्यात या आकड्याची खरी परीक्षा खाणींनी घेतली, आणि त्यावर जरा थांबायला हवं, कारण तुमच्या तालुक्याला ते वेगळं सांगायला नको.

2010-11 मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांहून जास्त खनिज निर्यात झालं. चीनमध्ये ऑलिंपिकच्या आधीपासून पोलादाची भूक वाढलेली, एरवी टाकून द्यायचा तो कमी दर्जाचा मालही विकला जाऊ लागला. पिसुर्ले, होंडा, साखळी, उसगाव या रस्त्यांवर खनिज वाहणाऱ्या टिप्पर ट्रकांची रांग, मांडवी नदीत बार्जींची, म्हणजे मालवाहू होड्यांची. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल आला आणि 2012 च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने. आता दरडोई आकडे बघा, चालू किमतींचे. 2011-12 मध्ये सुमारे 2 लाख 59 हजार. पुढच्या वर्षी 2 लाख 34 हजार. त्याच्या पुढच्या, 2 लाख 16 हजार. दोन वर्षांत सहावा हिस्सा गायब, तोही महागाई वजा न करता. इथपर्यंत आकडा आणि वस्तुस्थिती हातात हात घालून चालली. होंड्यापासून डिचोलीपर्यंत आंब्याखाली टिप्पर उभे, टायरांवर वेली चढलेल्या, बँकेचे हप्ते थकलेले. ड्रायव्हरांना आमलेट-पाव आणि चहा देणाऱ्या बायकांचे गाडे बंद. गॅरेजं बंद.

पण 2014-15 मध्ये काय झालं? दरडोई आकडा उसळून 2 लाख 89 हजारांवर गेला, खाणी बंद व्हायच्या आधीच्याही वर. आणि 2015-16 मध्ये 3 लाख 35 हजारांच्या घरात. न्यायालयाने एप्रिल 2014 मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून खाणींना परवानगी दिली खरी, पण प्रत्यक्ष काम रखडतच सुरू झालं. म्हणजे राज्याचा आकडा सावरला तेव्हाही टिप्पर आंब्याखालीच होते. ती वाढ झाली होती. फक्त ती दुसऱ्या तालुक्यांत, दुसऱ्या धंद्यांत, दुसऱ्या माणसांच्या हिशेबात झाली होती. होंड्याच्या बाईचा बंद पडलेला गाडा आणि वेर्ण्यातल्या कारखान्यात वाढलेली उलाढाल यांची बेरीज केली की उत्तर अधिक येतं. सरासरीला तेवढंच कळतं. पुढे फेब्रुवारी 2018 मध्ये न्यायालयाने 88 लीजांचं (खाणपट्ट्यांच्या भाडेकरारांचं) नूतनीकरण रद्द केलं, 16 मार्चपासून खाणी पुन्हा थांबल्या. त्या वेळी राज्याच्या आकड्याला 2012 सारखा हादरा बसलाच नाही, कारण तोवर त्यात खाणींचा वाटा पूर्वीइतका उरला नव्हता. सत्तरी, डिचोली, सांग्याला हादरा तेवढाच बसला.

यातला दुसरा मुद्दा मला याहून मोठा वाटतो. डोंगरातलं खनिज एकदा गेलं की गेलं. ते विकून आलेले पैसे मिळकत म्हणून धरणं म्हणजे आजीच्या पाटल्या मोडून आलेली रक्कम त्या महिन्याच्या पगारात मिळवणं. पण हिशेबाचा नियमच असा होता की उत्खननाचं सगळं मूल्यवर्धन उत्पादनात धरायचं. आणि गंमत पाहा, निव्वळ आकडा काढताना टिप्परचा घसारा वजा होतो, एक्स्कॅव्हेटरचा होतो, बार्जीचा होतो. डोंगराचा होत नाही. पावसाळ्यात लाल गाळ उतरून ज्या शेतांत पीक येईनासं झालं त्यांचं नुकसान येतं ते कमी पिकलेल्या भाताच्या रूपाने, तेही किरकोळ. विहीर आटली तर काहीच नाही. उलट टँकरने पाणी विकत घ्यावं लागलं तर टँकरवाल्याचं मूल्यवर्धन वाढतं. तुमच्या गावात ज्यांच्या विहिरी आटल्या असतील त्यांनी राज्याच्या समृद्धीत भर घातली, असं कागदावर तरी म्हणावं लागेल.

संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने 2025 मध्ये राष्ट्रीय हिशेबाची नवी पद्धत मान्य केली. तिच्यात नैसर्गिक साठा संपण्याची किंमत निव्वळ उत्पादनातून वजा करायची आहे. देशोदेशी ती लागू व्हायला वर्षं जातील. नॉर्वेने मात्र नियमाची वाट न बघता 1990 मध्येच कायदा करून तेलाच्या पैशासाठी वेगळा निधी उभा केला. आपल्याकडे 2014 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खनिजाच्या विक्रीतला दहा टक्के भाग कायम निधीत ठेवायला सांगितलं. ज्या वर्षांत डोंगर सर्वांत वेगाने खाली आले, त्या वर्षांना याचा काही उपयोग नव्हता.

याच्या बरोबर उलट प्रकार जमिनीचा. आसगाव किंवा पेडण्याकडे कुणी वडिलार्जित जमीन दिल्लीच्या माणसाला पाच कोटींना विकली, तर विकणारा रातोरात श्रीमंत, पण राज्याच्या उत्पादनात त्यातला एक रुपया येत नाही. जमीन काही तयार झालेली नाही, फक्त हात बदलले. दलालाची दलाली येते, वकिलाची फी येते. नंतर डोंगर कापून व्हिला बांधला की ते बांधकाम येतं, आणि तो व्हिला भाड्याने दिला की भाडं येतं. भाडं दिल्लीला जातं, नोंद गोव्याची होते.

तारवट्यांचं, म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्यांचं, तसंच. सासष्टी-बार्देशातल्या कित्येक घरांना जहाजावर किंवा आखातात असलेल्या माणसाने तारलं आहे. त्याने घरी पाठवलेला पैसा गोव्याच्या उत्पादनात नाही, कारण काम गोव्यात झालं नाही. त्या पैशातून घराला नवं छप्पर घातलं तर सुताराची मजुरी तेवढी येते. गोव्यातल्या बँकांत ठेवी भरपूर आणि त्या मानाने कर्जवाटप बरंच कमी, यामागे हाही एक भाग आहे. तेव्हा आकडा सगळीकडे फुगलेलाच आहे असं समजू नका. काही घरांच्या बाबतीत तो कमीच सांगतो.

आणि घरातलं काम. 2019 च्या देशव्यापी वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात जात होती, पुरुषांची 97. यातलं काहीही उत्पादनात नाही. तुमच्या सासूबाई नातवाला सांभाळतात ते नाही, पाळणाघरात ठेवलंत तर आहे. खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतीचा, बांध गावाने मिळून बांधला, मानस (पाणी अडवणारं दार) वेळेवर उघडली-लावली, तर नाही. बांध फुटला आणि ठेकेदाराने दुरुस्त केला तर आहे. हे नवं ज्ञान नाही. ज्या सायमन कुझ्नेट्स यांनी 1934 मध्ये अमेरिकन सिनेटसाठी राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब मांडला, त्यांनी त्याच अहवालात बजावून ठेवलं होतं की यावरून राष्ट्राचं कल्याण ताडू नका. त्यांच्याही कितीतरी आधी दादाभाई नौरोजींनी 1867-68 साठी भारताचं दरडोई उत्पन्न वीस रुपये काढलं, ते इथून किती पैसा बाहेर वाहून जातो हे मांडण्यासाठीच. तुम्ही विचारताय तोच प्रश्न, दीडशे वर्षांपूर्वीचा. स्वातंत्र्यानंतर 1949 मध्ये महालनोबिस यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय उत्पन्न समिती झाली, तिच्यात आपले धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव होते. या माणसांना सरासरीच्या मर्यादा ठाऊक नव्हत्या असं कोण म्हणेल? आकडा नंतर पुढाऱ्यांच्या भाषणांत गेला आणि मर्यादा अहवालांत राहिल्या.

मग हा आकडा टाकून द्यायचा? मुळीच नाही. उत्पादनच नसेल तर वाटायचं काय? गोव्यात रस्ते, वीज, दवाखाने इतर अनेक राज्यांपेक्षा बरे आहेत त्यामागे हे उत्पादन आहेच. बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे सरकारी गोवा मेडिकल कॉलेज, सिंधुदुर्ग आणि कारवारचेही रुग्ण बघतं, ते हवेवर चालत नाही. एकाच राज्याची दहा-पंधरा वर्षांची चाल बघायला, स्थिर किमतींचा, म्हणजे महागाई वजा केलेला, आकडा घेऊन, याच्याइतकं सोयीचं दुसरं साधन नाही. शिवाय त्यावर पैशांचे निर्णय होतात. पंधराव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांची वाटणी ठरवताना 45 टक्के भार एकट्या 'उत्पन्नातील अंतरा'ला दिला. राज्य जितकं श्रीमंत तितका वाटा कमी. गोव्याच्या वाट्याला आले 0.386 टक्के. म्हणजे जो नफा गोव्यात राहतच नाही, तो आपल्या नावावर लागल्यामुळे दिल्लीकडून मिळणारा पैसाही कमी होतो. आघाडीवर असल्याच्या जाहिराती करणाऱ्यांनी हेही कधी तरी सांगावं.

तुमच्या घराच्या जवळ जाणारा आकडा हवा असेल तर तो घरोघरी जाऊन केलेल्या पाहण्यांत सापडतो. 2022-23 च्या कुटुंब उपभोग खर्चाच्या पाहणीत ग्रामीण गोव्यात माणशी महिन्याचा खर्च सुमारे 7,367 रुपये आला, शहरी गोव्यात 8,734. देशात तेच आकडे 3,773 आणि 6,459. पाच माणसांच्या गावातल्या घरासाठी वर्षाचे होतात 4 लाख 42 हजार. तुमच्या वहीशी ताडून पाहा, मला वाटतं बरंच जुळेल. खर्च म्हणजे मिळकत नव्हे, बचत वेगळी असते, आणि अशा पाहण्यांत श्रीमंतांचा खर्च हमखास कमी नोंदला जातो. बंगल्याचं फाटक उघडायलाच कुणी येत नाही. तरी तुलना बोलकी आहे. उत्पादनात गोवा देशाच्या तिप्पट, गावातल्या खर्चात दुप्पट, शहरातल्या खर्चात दीडपटही नाही. देशभराचा विचार केला तर लोकांचा हा नोंदलेला खर्च दरडोई उत्पन्नाच्या साधारण एक तृतीयांश पडतो, गोव्यात जेमतेम एक पंचमांश. तुमच्या 'गेले कुठे'चं उत्तर या दोन अपूर्णांकांच्या मधल्या जागेत आहे.

बाकीचे आकडेही एका सुरात बोलत नाहीत. नीती आयोगाच्या बहुआयामी गरिबीच्या मोजणीत 2019-21 साठी गोव्यात एक टक्क्याहूनही कमी लोक गरीब निघाले, 0.84 टक्के. याचा अभिमान वाटायला हरकत नाही. त्याच काळातल्या कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या दर चार मुलांमागे एकाची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली, आणि त्याआधीच्या फेरीपेक्षा हे प्रमाण वाढलेलं. 2023-24 च्या श्रमबल पाहणीत बेरोजगारी 8.5 टक्के, देशाची 3.2. देशातल्या सर्वांत 'श्रीमंत' राज्यांपैकी एकात बेकारी देशाच्या अडीचपट, याचं नवल वाटायला नको. औषधाचा आधुनिक कारखाना कोट्यवधींचं मूल्यवर्धन मोजक्या माणसांत करतो, आणि शिकलेलं गोंयकार पोर सरकारी नोकरीची जाहिरात निघेपर्यंत घरी थांबायला तयार असतं. थांबू शकतं, कारण घर स्वतःचं असतं आणि कुणीतरी जहाजावर असतं. आकडा वाईट, कारण अर्धवट सुबत्ता. अशी गुंतागुंत एका सरासरीत मावणार नाही.

तुम्ही शिक्षिका आहात म्हणून एक सुचवतो. सत्तरीचं दरडोई किती, हे तुम्हाला सरकारी पुस्तकात मिळणार नाही. तालुक्याचं उत्पादन काढलं जात नाही. पण नववी-दहावीच्या मुलांकडून गावाचा एक साधा तक्ता करून घेता येईल. दर घरामागे चार रकाने: कमावणारी माणसं किती, ती कामाला कुठे जातात, महिन्याला पैसा कुठून येतो (पगार, बाग, पेन्शन, भाडं, परदेश, सरकारी योजना), आणि 2012 मध्ये तो कुठून येत होता. रक्कम विचारू नका, कुणी खरं सांगणार नाही आणि मुलांना दारातून परत पाठवतील. काजूची बाग असलेल्यांना मात्र बियांची पोती किती झाली ते विचारा.